जुन्या घराच्या भिंतींतून शिरणारी पावसाची ओल : तिची परीक्षा व उपाय

घाटमाथ्याच्या पूर्वेकडील मावळपट्टींत व खालीं कोंकणांत ज्यांचीं जुनीं घरें आहेत, त्यांस आषाढ-श्रावणांत भिंतीस हात लावून पाहण्याची संवयच जडलेली असते. पश्चिमेच्या खोलींतील भाताचीं पोतीं भिंतीपासून दूर ओढलीं जातात, बियाण्याची कणगी माजघरांत येते, आणि गणपतीच्या सुमारास घरांतील कोणीतरी म्हणतो कीं, यंदा दिवाळी झाली म्हणजे ही भिंत सिमेंटानें एकदां पक्की करून टाकूं. हें शेवटचें काम हातीं घेण्यापूर्वीं वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा, एवढ्याच हेतूनें तो लिहिला आहे. कारण जुन्या घराची भिंत ओली राहण्याचें कारण पुष्कळदां पूर्वीं कोणीतरी केलेलें असलें पक्कें काम हेंच असतें.

प्रथम आपली भिंत कशाची आहे तें ठरवावें. आपल्या देशांत पोर्टलंड सिमेंटाचा पहिला यशस्वी कारखाना १९१४ सालीं पोरबंदर येथें सुरू झाला, आणि खेडोपाडीं हें सिमेंट पोंचण्यास पुढें कित्येक वर्षें गेलीं. तेव्हां पणजोबांच्या हातच्या भिंतीवर जें सिमेंट दिसतें तें मागाहून आलेलें आहे असें धरून चालावें. मूळ भिंत दगडमातीची, भेंड्यांची, भाजक्या विटांची किंवा कोंकणांत जांभ्याची. तिच्या दर्जा मातीच्या अथवा चुन्याच्या. आणि वर चुन्याचा गिलावा. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहींत बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो खरा. पण असे शेरे पुष्कळदां रस्त्यावर उभें राहून लिहिलेले असतात, हें प्रस्तुत लेखकास महसूल खात्यांतील नोकरीमुळें चांगलें ठाऊक आहे. खरी साक्ष भिंतीचीच घ्यावी. आडबाजूस गिलाव्यावर खिळ्यानें रेघ ओढावी. पांढरी, मऊ भुकटी निघाली तर तो चुना. खिळा घसरून करडी रेघ उमटली तर तें सिमेंट. विजेच्या पेटीमागें किंवा जुन्या खुंटीच्या भोंकांत पाहिलें म्हणजे आंतील माल कोणता तेंही कळतें.

जुन्या भिंतीची रीत अशी कीं, ती दीड ते दोन फूट जाड असे, पावसाचें थोडें पाणी पीत असे, आणि उघडीप पडली कीं तेंच पाणी वाऱ्यास परत देत असे. चुन्याचा गिलावा पाणी अडवीत नाहीं. तो तें घेतो व सोडतो. भेंड्याची भिंत थोडी हलते, चुना तिच्याबरोबर थोडा हलतो, आणि बारीक केसाएवढी चीर पडली तर चुना पावसाच्या पाण्यांत किंचित् विरघळून ती चीर कालांतरानें पुन्हां बुजवितो. सिमेंटाचा गिलावा कठीण व ताठर. वाळतांना तो आकसतो, खालची मऊ भिंत हलली कीं त्यास तडा जातो, आणि हा तडा आपला आपण कधींच भरत नाहीं.

काळ्या रानांत उन्हाळ्यांत भेगा पडतात तेव्हां वळवाच्या पावसाचें पाणी वरच्या ढेंकळांस न भिजवितां भेगेवाटे थेट हातभर खालीं जातें, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें आहे. भिंतीवर नेमकें हेंच घडतें. सिमेंटाचा पृष्ठभाग पाणी पीत नाहीं म्हणून झडीचें सगळें पाणी खालीं वाहूं लागतें, वाटेंत जी चीर भेटेल तींत शिरतें, आणि वाऱ्याच्या दाबानें व चिरेच्या स्वतःच्या ओढीनें आंत जातें. एकदां गिलाव्यामागें गेलें कीं त्यास बाहेर येण्यास तीच केसाएवढी वाट राहते. वाळण्यास मात्र सबंध भिंतीचें तोंड मोकळें हवें असतें. आंत येणें जलद व बाहेर जाणें फार मंद, असा हा व्यवहार असल्यामुळें दरवर्षीं शिल्लक ओल वाढत जाते.

सर्व ओल एका जातीची नसते. जमिनींतून चढणारी ओल जोत्यापासून सुरू होते, बहुधा कंबरेच्या वर जात नाहीं, वरच्या कडेस लोण्याची पांढरी, लाटेसारखी रेघ सोडते, आणि ती उन्हाळ्यांतही सर्वस्वीं जात नाहीं. छपराची गळती वरून, वाशांच्या किंवा पाटाच्या टोंकापासून ओघळ काढीत खालीं येते. घाम म्हणजे हवेंतील वाफ थंड पृष्ठभागावर निवणें. तो स्वयंपाकघरांत, बंद कपाटामागें, सकाळीं दिसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. आपल्या विषयाची ओल, म्हणजे झडीबरोबर भिंतीच्या बाहेरच्या अंगानें आंत शिरणारी, ही या तिन्हींहून निराळी आहे. ती वाऱ्याच्या तोंडच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतीस येते. कोणत्याही उंचीवर वेडेवांकडे डाग पाडते. झड लागल्यावर कांहीं तासांनीं किंवा दुसरे दिवशीं उमटते. आणि सरळ उभ्या पडणाऱ्या मोठ्या पावसांत कदाचित् दिसतही नाहीं. ही शेवटची खूण फार उपयोगी आहे. रात्रभर धो धो पाऊस पडून भिंत कोरडी आणि वाऱ्याच्या दोन तासांच्या सरींत ओली, असें असेल तर छपरावर व्यर्थ खर्च करूं नये.

एक पांचवा प्रकारही आहे आणि तो शेतकऱ्याच्या घरींच विशेष आढळतो. भिंतीच्या दुसऱ्या अंगास गोठा असेल, उकिरडा टेकलेला असेल, किंवा रासायनिक खताचीं पोतीं वर्षानुवर्षें भिंतीशीं रचलेलीं असतील, तर भिंतींत क्षार भरतात. जनावरांच्या मुतापासून सोरा धरतो हें तर पूर्वापार माहीत आहे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं साधें मीठदेखील हवेंतून पाणी ओढूं लागतें, आणि सोऱ्याच्या वर्गांतील कांहीं क्षार त्याहून कमी आर्द्रतेवरही ओढतात. म्हणून अशी भिंत पावसाचा थेंबही आंत न येतां पावसाळाभर ओली राहते. पांढरीच्या मातीचे भेंडे असल्यास हे क्षार मूळ मातींतच असतात. पांढरीची माती खत म्हणून शेतांत टाकतात ती कांहीं उगीच नव्हे. अशा ओलीस बाहेरून कितीही गिलावा केला तरी गुण येणार नाहीं. पोतीं हलवावीं, लोणा कोरड्या कुंच्यानें झाडून गोळा करून दूर टाकावा (पाण्यानें धुतल्यास तो पुन्हां आंतच मुरतो), व क्षार भरलेला आंतला गिलावा काढून टाकावा.

आतां परीक्षा कशी करावी. जमिनीच्या पंचनाम्यांत चतुःसीमा जशा एकेक पाहतात तसें घराचें एकेक अंग पाहावें, आणि पाहिलेलें लिहून ठेवावें. स्मरणावर विसंबूं नये. मृगाच्या पहिल्या पावसापासून आंतल्या भिंतीवर डागाच्या कडेनें पेन्सिलीनें रेघ काढून तारीख लिहावी. वहींत त्याच दिवशींचा पाऊस व वारा कोणीकडचा तें टिपावें. तीन-चार झडी झाल्या म्हणजे रेघा आपोआप बोलूं लागतात : डाग खिडकीच्या कोपऱ्यापासून वाढतो कीं वळचणीपासून, कीं भिंतीच्या मध्यें एका आडव्या ओळींत. घामाचा संशय असल्यास हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडा चिकटवून आंतल्या भिंतीवर दोन दिवस ठेवावा. खोलीकडील बाजूस दंव धरलें तर घाम. कागदामागें ओल आली तर ती भिंतींतली.

बाजारांत विजेच्या सळ्यांचें लहान ओलमापक यंत्र मिळतें. तें क्षार असलेल्या भिंतीवर खोटा आंकडा वाढवून दाखवितें, म्हणून केवळ त्यावर भरंवसा ठेवून कोणी महाग औषध विकूं लागल्यास घेऊं नये. त्यापेक्षां भाताची ओल पाहतों तशी भिंतीची पाहावी. सामत्यानें एकाच ठिकाणीं दोन, सहा व दहा इंच खोलीवरचा चुरा निरनिराळा काढून लगेच झांकण्याच्या डब्यांत घालावा, प्रत्येकीं १०० ग्रॅम तोलून मंद आंचेवर पूर्ण वाळवावा व पुन्हां तोलावा. घरांतील कोरड्या भिंतीचाही एक नमुना तसाच घ्यावा. बाहेरील अंगाकडे घट अधिक व आंत कमी भरली तर पाणी बाहेरून येत आहे. मे महिन्यांतही मधल्या थरांत घट मोठी भरत असेल तर भिंत सालोसाल वाळतच नाहीं असें समजावें.

बाहेरून गिलावा लांकडी मुठीनें ठोकीत जावें. भरीव जागीं आवाज घट्ट येतो. पोकळ जागीं तो बद्द येतो. बद्द जागेभोंवतीं खडूनें वर्तुळें काढावीं. मग मार्गशीर्षांत, भिंत वरवर सुकल्यावर, बागेच्या नळीनें पाणी मारून पाहावें. मात्र खालून सुरुवात करून वीस-वीस मिनिटांनीं एक-एक हात वर चढावें. वरून आरंभ केल्यास पाणी सर्वच चिरांवरून ओघळतें व कोणती दोषी हें कधींच कळत नाहीं. भिंतीस फुगवटा असेल किंवा गिलावा काढून भेंडा उघडा पडला असेल तेथें ही परीक्षा मुळींच करूं नये.

वाई तालुक्याच्या पश्चिम भागांतील एका घराचें उदाहरण येथें देतों. जोतें काळ्या दगडाचें, वर भेंड्याची दोन फुटी भिंत, पश्चिमेस खोली व तिच्यावर कडीपाटाचा माळा; माळ्यावर भात. नळीचीं कौलें काढून पत्रा घातला तेव्हां पूर्वींची दोन हात वळचण अर्ध्या हातावर आली. झड भिंतीवर बसूं लागली म्हणून सिमेंटाचा गिलावा झाला. पुढें आंत चार ते सहा फुटांवर डाग उमटले, तेव्हां गिलाव्यावर रबरी रंगाचे दोन हात बसले, आणि दोन वर्षें डाग कमी झाल्यासारखे वाटले. मग ते वाढले. एकानें आणखी एका रंगाचा अंदाज दिला. दुसऱ्यानें भिंत पाडून विटांची बांधण्याचा. भावाभावांत पाडण्याचा विचार जवळजवळ ठरला होता. बद्द आवाजाच्या जागीं गिलाव्याचा हातभर चौकोन काढला तो मागें भेंडे चार बोटें खोलपर्यंत चिखल झालेले निघाले, आणि कडीपाटाच्या दोन कड्यांचीं भिंतींतील टोंकें इतकीं कुजलेलीं कीं टोंचणी मुठीपर्यंत आंत गेली. वर भाताचें ओझें आणि खालीं म्हातारी आई निजत असे. खोलीच्या आंतून पाहणाऱ्यास एक करडा डाग यापलीकडे कांहीं दिसत नव्हतें.

म्हणून ओल्या भिंतींत तुळई किंवा कडी टेकलेली असेल तर इतर कशाच्याही आधीं तिचें टोंक टोंचून पाहावें. सागाचें लांकूड टिकाऊ खरें, पण बारमाही ओल्या मातींत कोंडलेलें कोणतेंही लांकूड कुजतें. टोंक मऊ लागल्यास त्याच दिवशीं वरचें ओझें उतरवावें व खालून धिरा द्यावा. भिंतीनें पोट सोडलें असेल, म्हणजे ओळंबा लावून बघतां मधला भाग बाहेर आलेला दिसत असेल, तर गवंड्यावर न सोंपवितां जाणत्या इंजिनियरास दाखवावें. ओलीचा उपाय नंतर. मातीच्या भिंतीची ताकद कोरडेपणांत असते. २००५ सालच्या अतिवृष्टींत पडझडीचे जे पंचनामे प्रस्तुत लेखकाच्या हातून झाले, त्यांतही बाहेरून सिमेंटाचें तोंड शाबूत आणि आंत चिखल अशा भिंती होत्या.

उपायांचा क्रम वरून खालीं व बाहेरून आंत असा असावा. पहिलें काम वळचणीचें. पत्रा किंवा कौलें भिंतीच्या बाहेर किमान दोन फूट तरी आलीं पाहिजेत. तेवढें वाढवितां येत नसेल तर पश्चिमेस निराळा उतरता पाखा बसवावा. वरील घरांत अर्धी लढाई येथेंच संपली. पन्हळी साफ कराव्या, आणि त्यांचें पाणी भिंतीशीं न सोडतां नळीनें दूर न्यावें. खिडकीखालची फरशी भिंतीच्या पुढें दोन इंच आली आहे काय, तिला बाहेर उतार आहे काय, आणि तिच्या खालच्या अंगास बोटभर खांच आहे काय, हें पाहावें. खांच नसली तर पाणी फरशीच्या पोटास चिकटून मागें वळतें आणि भिंतींत जातें. दगडी हत्यारानें ही खांच पाडण्यास गवंड्यास एक प्रहर पुरतो. आमच्या मतें एवढ्या थोड्या खर्चांत एवढा गुण देणारें दुसरें काम नाहीं, आणि नेमकें तेंच कोणी करीत नाहीं. पागोळ्यांचें पाणी उडून भिंतीचा पायथा भिजत असेल तर तेथें फरसबंदी न करतां खडीचा पट्टा घालावा व जमिनीस बाहेर उतार द्यावा. अंगणांत सालोसाल भर पडून जमीन जोत्याच्या वर आली असल्यास ती उतरवावी.

त्यानंतर गिलावा. सगळें सिमेंट खरवडून काढण्याचा हट्ट धरूं नये. जेथें तें घट्ट बसलें आहे तेथें ओढतांना भेंड्याचें किंवा विटेचें तोंडच निघून येतें आणि रोगापेक्षां उपाय भारी होतो. बद्द वाजणारा, फुटलेला, फुगलेला भाग मात्र काढावा. छिन्नी तिरपी धरून, वरून खालीं, हलक्या हातानें, विजेचें ठोकणारें यंत्र न लावतां. भेंड्याची भिंत एकदम सबंध उघडी न करतां तीन-तीन फुटांचे उभे पट्टे करावे. रबरी रंग असेल तो त्या त्या भागावरून तरी काढलाच पाहिजे. चिखल झालेली माती कोरून त्या जागीं त्याच मातीचे वाळलेले भेंडे मातीच्या चिखलांत बसवावे. भाजकी वीट व सिमेंट तेथें घुसवूं नये. कुजलेली कडी कापून नवें टोंक जोडल्यावर त्याभोंवतीं बोटभर पोकळी ठेवावी, म्हणजे लांकडास वारा लागतो.

वाळण्यास वेळ द्यावा, हें सर्वांत अवघड. भिंत वाळण्यास जाडीच्या दर इंचास एक महिना असा एक जुना ठोकताळा आहे. आपल्याकडील माघ-फाल्गुनाच्या कोरड्या वाऱ्यांत काम याहून लवकर होतें, तरी दोन फुटी भिंत एका हंगामांत पुरी वाळत नाहीं. यासाठीं दिवाळी होतांच गिलावा उतरवावा, दोन-अडीच महिने भिंत उघडी ठेवावी, माघांत बाहेरचा नवा गिलावा करावा, आणि आंतला गिलावा त्या वर्षीं करूंच नये. आंतून घाईनें केलेला गिलावा, विशेषतः त्यावर लावलेला तेलरंग किंवा चकचकीत फरशा, ओलीस आणखी वर ढकलतात.

चुना कळीचा, ताजा घ्यावा. तो भरपूर पाण्यांत विरवून चाळून, वर पाणी ठेवून निदान पंधरा दिवस, साधल्यास महिना-दोन महिने मुरूं द्यावा. विरवतांना पाणी उकळतें व उडतें. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असावे, पोरें दूर ठेवावीं. तयार चुन्याचें पोतें आणल्यास तें जुनें, हवा लागलेलें नसावें. पहिल्या थरास १ भाग चुना, १ भाग सुरखी व २ भाग धुतलेली खरबरीत वाळू हें प्रमाण आमच्या पाहण्यांत चांगलें ठरलें आहे. सुरखी फार भाजलेल्या काळ्या विटेची नको. मध्यम भाजलेल्या तांबड्या विटेची बारीक दळलेली असावी, कारण तीच चुन्याशीं मिळून ओल्या जागींही घट्ट होते. दख्खनच्या चुनखडीच्या चुन्यांत मातीचा अंश असतो, त्यामुळें तो स्वतःच कांहीं अंशीं असा गुण देतो. तो चांगला भाजलेला मिळाल्यास सुरखी निम्मी केली तरी चालेल. ताग बोटभर कापून घातल्यास तडे कमी जातात. हिरडा, गूळ, मेथी यांच्या पाण्याविषयीं फार ऐकूं येतें. जुन्या कामांत तीं घालीत हें खरें, पण कच्चा भाजलेला चुना व न भिजविलेला गिलावा यांची उणीव गुळानें भरून निघत नाहीं.

भिंत शिंपडून पहिला थर अर्ध्या इंचाचा द्यावा, थापीनें ठोकून बसवावा, व अर्धवट ओढला कीं रेघा पाडून ठेवाव्या. आठ-दहा दिवसांनीं दुसरा पाव इंचाचा. दोन्हींवर ओलीं गोणपाटें टांगून सकाळ-संध्याकाळ शिंपडावें. चैत्रवैशाखाच्या उन्हांत उघडा ठेवलेला चुना वाळतो पण धरत नाहीं, आणि मग त्याची भुकटी झाली कीं लोक चुन्यास नांवें ठेवतात. शेवटीं पातळ सफेदीचे चार-पांच हात. शेवटच्या हातांत थोडें जवसाचें तेल घातल्यास पाणी लवकर निथळतें. पहिल्या पावसाळ्यांत नव्या गिलाव्यास झावळ्यांचे किंवा गवताचे झाप बांधावे. महाबळेश्वराकडे व कोंकणांत वाऱ्याच्या तोंडच्या भिंतींस असे झाप बांधण्याची पूर्वापार रीत होती, ती उगीच नव्हती. ज्यांस वळचण वाढविणें किंवा गिलावा करणें यंदा परवडत नाहीं त्यांनीं निदान झाप तरी बांधावे.

हें सर्व मातीच्या व चुन्याच्या भिंतींविषयीं झालें. जांभ्याच्या भिंतीस गिलाव्याऐवजीं दर्जा उकरून चुन्यानें भरणें बहुधा पुरतें. सिमेंटाच्या दर्जा पाणी जांभ्याकडे लोटतात. भिंत भाजक्या विटांची व सिमेंटाच्या दर्जांची असेल तर तेथें सिमेंट वर्ज्य नाहीं. परंतु निव्वळ सिमेंट-वाळूपेक्षां १ भाग सिमेंट, १ भाग चुना व ६ भाग वाळू हा मिश्र गिलावा कमी तडकतो. धाब्याच्या घरांत भिंतीचा डाग बहुधा धाब्याचा असतो. तेथें खारी माती चढवून पाहिल्यावांचून भिंतीस हात लावूं नये.

पुढील पावसाळ्यांत पेन्सिलीच्या रेघा पुन्हां काढाव्या. नवा डाग जुन्या रेघेच्या आंत राहिला तर पाण्याची वाट बुजली असून उरली आहे ती भिंतींतील मागची शिल्लक, असें धरावें, आणि माघापर्यंत थांबून आंतला चुन्याचा गिलावा करावा. डाग रेघेबाहेर गेला तर एखादी चीर राहिली आहे. नळीची परीक्षा त्या जागेपुरती पुन्हां करावी. तोंपर्यंत पोतीं भिंतीपासून हातभर अंतरावर, खालीं फळ्या घालून ठेवावीं, आणि उघडीप पडेल त्या दिवशीं पश्चिमेची खिडकी उघडावी.